न्यूट्रॉनच्या पेटीला भंडारा

बसलाच आहात तर सांगतो, पण आधी कपातला चहा संपवा. मागं हीच गोष्ट सांगताना आमच्या एका पाव्हण्याला असा ठसका लागला की त्याची पाठ चोळता चोळता गोष्ट अर्ध्यावर राहिली, आणि पाव्हणा म्हणाला, राहू द्या, जिवापेक्षा गोष्ट मोठी नाही.

मी शाळा बघितली ती बाहेरनं. मेंढरं घेऊन शाळेच्या भिंतीकडनं जायचो, आत पोरं पाढे म्हणत असायची, मेंढरं जरा थांबून ऐकायची आणि पुढं जायची. मीही तेवढाच शिकलो. तर अशा माणसानं सांगलीच्या कॉलेजात विज्ञानाचा एक प्रयोग बुडवत आणला होता म्हटलं तर तुम्ही म्हणाल, आबा, तुमचा आणि विज्ञानाचा संबंध काय? संबंध नव्हता. मी ओढून लावला.

आमची नात अश्विनी, थोरल्या लेकाची. जतकडच्या आमच्या माळावरनं सांगलीला शिकायला गेली, ती शिकतच राहिली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन सांगलीत झालं तेव्हा मी तिच्याच खोलीवर उतरलो होतो. डोळ्यावर काळा चष्मा, आणि सकाळ-संध्याकाळ थेंब घालायला ती. आईनं लेकरू सांभाळावं तसं सांभाळलं पोरीनं. एकदा थेंब घालता घालता मी विचारलं,

"अशे, तू नेमकं करतीस तरी काय?"

"न्यूट्रॉन पकडते, आबा."

"पळतंय व्हय ते?"

"लय पळतंय. भिंतीतनं जातंय, लोखंडातनं जातंय. आन मी पकडते ते तर त्यातलं वेगवान. डोळा मिटून घ्या, थेंब बाहेर येतोय."

मी डोळा मिटला. "मग धरायचं कसं? वाघरात?" वाघर म्हणजे आम्ही मेंढरं कोंडतो ती जाळी.

तर तिनं मला असं समजावून सांगितलं, तुम्हीही ऐका, पुढं लागणार आहे.

"आबा, लांडगा कळपात शिरला तर तो आपल्याला दिसतोय का?"

"कसला दिसतोय."

"पण त्यानं धडक दिली की एखादं मेंढरू उधळतंय. ते चिखलातनं पळालं की खुरांचा माग उठतोय. माग बघून आपण म्हणतो, लांडगा हितं आलता. तसंच हाय. न्यूट्रॉन म्हणजे लांडगा, त्यो सवता माग सोडत न्हाई. पण तेल, मेण, प्लास्टिक, असल्या जिनसांत हायड्रोजन असतोय. त्यातली बारकी मेंढरं म्हणजे प्रोटॉन. न्यूट्रॉननं धडक दिली की प्रोटॉन उधळतोय, आन माझ्याकडं सिलिकॉनची एक चौकोनी टिकली हाय, त्यो आपला चिखल. त्यात माग उठतोय, आन कॉम्प्युटरवर त्याचं चित्र दिसतंय. केसाएवढा बारीक मागसुद्धा दिसतोय."

"आन कळपच नसला तर?"

"तर लांडगा आला काय आन गेला काय. चिखलाला पत्ता न्हाई."

सगळं कळलं मला. खरंच कळलं. उभ्या जन्मात विज्ञानातलं एवढं एकच कळलं, त्यामुळं मी दवाखान्यात शेजारी बसेल त्याला धरून सांगायचो. एका बाईंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, मग त्या लांडग्याला मारायचं औषध निघालं का? मी म्हटलं, नात बघतेय.

टिकली म्हणजे नखाएवढी, आरशासारखी चकचकीत. कॉलेजची नव्हती ती. मुंबईला एक मोठ्या शास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी अश्विनीच्या लिमये सरांच्या शब्दावर ती दिली होती. सर मूळचे वाईचे, बोलणं लोण्यासारखं मऊ. बाईंनी दोन गोष्टी सांगून ठेवलेल्या. पेटीत टिकली बंद झाली की बाईंशिवाय कुणी उघडायची नाही. आणि टिकली खरं दाखवतेय असं दिसलं तर ती अश्विनीकडं राहील, खोटं दाखवायला लागली तर परत मुंबईला जाईल. टिकली गेली की अश्विनीचं काम तिथंच थांबणार. दुसरी कुणी देणार नव्हतं. लग्नाची स्थळं मागं सारून, आईबापाशी वाद घालून पोरगी त्या कामाला चिकटून राहिली होती. म्हणजे तुम्हीच बघा, तिचा सगळा संसार त्या नखाएवढ्या टिकलीवर.

तर टिकलीला घर म्हणून काळी पेटी बनवायची होती, उजेडाचा कण आत शिरू नये अशी. ती कुपवाडला तात्या म्हणून एका वर्कशॉपवाल्यानं बनवली. ती आणायला अश्विनी निघाली, मी म्हटलं, मला पण ने, खोलीत बसून कंटाळलो. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलं होतं, पण कुपवाडची धूळ माझ्या डोळ्याला काय करणार, मी आयुष्यभर मेंढरांच्या मागनं चाललोय.

तिथं पोहोचल्यावर तिनं टिकली पेटीत बसवली. टिकलीचा अर्धा भाग प्लास्टिकच्या पातळ तुकड्याखाली झाकला आणि अर्धा उघडा ठेवला. एका बाजूला कळप, दुसऱ्या बाजूला मोकळं रान. कळपाच्या बाजूला माग दिसले पाहिजेत आणि मोकळ्या बाजूला जवळजवळ काही नाही, तरच टिकली खरी. वर झाकण टेकवलं आणि मला म्हणाली,

"आबा, तात्यांकडनं बारकं स्क्रू आणते. हात लावू नका."

"छे, मी कशाला लावतोय."

आता तात्याचं वर्कशॉप तुम्ही बघितलेलं नाही. दसऱ्याला केलेली पूजा तशीच होती. लेथला हळद-कुंकू, ड्रिलला हळद-कुंकू, वजनकाट्याला, पंख्याच्या बटणाला, अगदी तात्याच्या चहाच्या स्टोव्हलासुद्धा. आणि या सगळ्यांच्या मध्ये माझ्या नातीची पेटी कोरी. बिनटिळ्याची. मला कसंतरीच वाटलं बघा. आमच्यात नवी वस्तू घरात आली की बिरोबाचा भंडारा लागल्याशिवाय ती चालू होत नाही. पाण्याची मोटर असो, पिठाची गिरणी असो, सुनेचा मोबाइल असो. भंडारा म्हणजे हळदच, पण देवाची. त्याची पिशवी माझ्या कमरेला कायम असते.

आता तिनं सांगितलं होतं हात लावू नका. पण भंडारा लावणं म्हणजे हात लावणं नव्हे, हे तुम्हाला पटतंय ना? मला तर लगेच पटलं.

झाकण उचललं. काळ्या चष्म्यातनं टिकली नीट दिसेना, म्हणून चष्मा कपाळावर चढवला. उघड्या भागात चांगली चकचकीत जागा दिसली. बोटांनी भंडारा घेतला, अंगठ्याला चांगला चोळला, आणि "बिरोबा, पोरीची लाज राख" म्हणून मधोमध दाबला. झाकण होतं तसं टेकवलं. अश्विनी आली, तिनं वरनं स्क्रू आवळले. पेटी बंद. मी मनात म्हटलं, चला, आता काळजी नाही.

इथनं काळजी सुरू झाली.

कॉलेजात एक बंद खोली आहे. तिथं मेणानं भरलेल्या पिंपात बोटाएवढी नळी आहे, तिच्यातनं न्यूट्रॉन सुटतात. त्या खोलीत उगाच कुणाला सोडत नाहीत. पेटी तिथं ठेवली, आणि एका संध्याकाळी अश्विनी खोलीवर आली ती न जेवताच बसली. मी म्हटलं, काय झालं? तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं. प्लास्टिकच्या बाजूला बारीक बारीक रेघोट्या, म्हणजे मेंढरांचे माग. बरोबर होतं. पण मोकळ्या रानात, जिथं काहीच दिसायला नको तिथं, एक लांबुळका गोल डाग.

"हे काय हाय?"

"तेच कळंना, आबा. हितं कळप न्हाई, मग माग कुठला?"

मी चष्मा वरखाली करून बघितलं. मला ते मेंढराच्या कानासारखं दिसलं. तसं सांगितलं. तिनं मोबाइल पालथा ठेवला.

परत पेटी ठेवली, परत तोच डाग, त्याच जागी. तारा बदलल्या, कॉम्प्युटर बदलला, मेणाच्या पिंपाच्या दुसऱ्या अंगाला ठेवून बघितली. डाग हलेना. पेटी उघडून बघावं तर बाईंचा शब्द मोडायचा. शेवटी सरांनी बाईंना फोन केला, आणि बाई म्हणाल्या, मी येते, बघते, आणि गरज पडली तर टिकली घेऊन जाते.

त्या दिवशी मी अश्विनीबरोबर कॉलेजात गेलो. रिकाम्या हातानं नाही गेलो. तुम्हाला सांगतो, डाग का पडला ते मला कळून चुकलं होतं. सगळं शिकलेलं मंडळ डोकं धरून बसलं होतं आणि कारण एकट्या मला ठाऊक होतं. देवाला भंडारा लावला आणि नैवेद्य दाखवला नाही. देवाला दारात बोलावून पाणी न विचारल्यासारखं झालं ते. देव रागावणार नाही तर काय? आमच्या पुतण्यानं नव्या ट्रॅक्टरला असाच नुसता भंडारा लावला होता, तर पहिल्याच दिवशी ट्रॅक्टर ओढ्यात बंद पडला. डिझेल संपलं होतं, ती गोष्ट वेगळी.

म्हणून अश्विनीच्या घरमालकिणीकडनं शिरा करून घेतला होता. डबा मांडीवर घेऊन मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. कॉम्प्युटरच्या खोलीचं दार उघडं होतं, सगळं दिसत होतं.

मुंबईच्या बाई म्हणजे कुणी रुबाबदार असतील असं वाटलं होतं. तर साधी सुती साडी, पायात बूट, आणि आल्या आल्या आधी माझ्या डोळ्याची चौकशी. अश्विनीनं फोनवर सांगितलं असणार. मला लय बरं वाटलं.

मग तिघं चित्रापुढं बसली.

सर म्हणाले, "हा डाग आणि त्यातून जाणारी ही तिरपी कोरी रेघ बघा. मला वाटतं सिलिकॉनला तडा गेलाय."

"तडा असता तर डाग असा गोल का येईल, सर?" अश्विनी म्हणाली.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उघड्या भागात हायड्रोजन नाही. तिथे प्रोटॉन येणार कुठून? टिकली नसलेली गोष्ट दाखवतेय. अश्विनी, मला वाईट वाटतं, पण अशा टिकलीवर तुझं काम उभं नाही राहायचं. मी नेते परत."

अश्विनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. लहानपणी हिचं कोकरू मेलं की ही रडायची नाही, फ्रॉकचं टोक असंच बोटाला गुंडाळत बसायची. ते बघितलं आणि माझ्यानं राहवेना. डबा घेऊन मी दारात उभा राहिलो.

"बाई, जरा थांबा. ह्यात पोरीची चूक न्हाई. काम म्या अर्धं ठेवलंय."

बाई वळल्या. "कसलं काम, आजोबा?"

"भंडारा लावला, नैवेद्य ऱ्हायला. आता आणलाय. पाच मिन्टाचं काम हाय, मग बघा डाग ऱ्हातोय का."

आता सर आणि अश्विनी पण माझ्याकडं वळली.

अश्विनी हळूच म्हणाली, "आबा, भंडारा कशाला लावला?"

"टिकलीला."

"पेटीला म्हणायचंय का तुम्हाला?" सरांनी विचारलं. बिचारे मला वाट काढून देत होते.

"पेटीला कशाला? पेटी म्हणजे देऊळ. हळद आतल्या देवाला लावत्यात, देवळाच्या पत्र्याला कोण लावतंय?"

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. बाई खुर्चीत मागं टेकल्या.

"आबा," अश्विनी म्हणाली, "मी हात लावू नका म्हणलं हुतं."

"मी हात कुठं लावला? अंगठा लावला नुसता."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग वळून चित्राकडं बघितलं. मग परत माझ्याकडं.

"आबा, अंगठा दावा."

मी अंगठा पुढं केला. तिनं मनगट धरून तो कॉम्प्युटरच्या चित्राशेजारी नेला. लोकर कातरताना कधीतरी कातर लागली होती, त्याचा तिरपा वण माझ्या अंगठ्यावर आहे. सर ज्याला तडा म्हणत होते ना, तो तडा माझ्या अंगठ्यावर होता. आणि डागातल्या वळणावळणाच्या बारीक रेघा, त्याही माझ्याच.

सर लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, "म्हणजे गेले कितीतरी दिवस आम्ही आजोबांचा अंगठा तपासतोय."

बाईंनी पेटी उघडली. आत टिकलीवर पिवळाधमक अंगठा. त्यांनी भिंग लावून लय वेळ बघितलं. टिकलीच्या कडेला केसाहून बारीक सोन्याच्या तारा असतात, माझा अंगठा ज्वारीच्या दाण्याएवढा आणखी सरकला असता तर त्या तुटल्या असत्या आणि टिकली कायमची गेली असती, हे मला तेव्हा कळलं.  मी तिथंच दाराला धरून उभा राहिलो. आता मला हाकलतील, पोरीला बोल लावतील, आणि लावलेच पाहिजेत, असं म्हणत होतो.

बाई भिंगातनं मान वर न करता म्हणाल्या, "आजोबा, हळदीत हायड्रोजन भरपूर असतो."

"असणारच, बाई. सांगलीची हळद हाय. भेसळ न्हाई तिच्यात."

आणि बाई हसल्या हो. डोळ्याला पदर लावून हसल्या. सर हसले. शेवटी अश्विनी पण हसली, पण तिनं माझ्या कमरेची पिशवी आधी काढून घेतली आणि मग हसली. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही मला. आजही आठवलं की त्या माणसांपुढं हात जोडावेसे वाटतात. आमच्याकडं कुणी बी-बियाणात असा घोळ घातला असता तर मी गावभर केलं असतं.

मग सगळ्यांनी शिरा खाल्ला. व्हरांड्यात, पेटीपासनं लांब. बाईंनी दोनदा घेतला.

इथं गोष्ट संपली असती तर मी शहाणा ठरलो असतो. पण बाई पक्क्या होत्या. त्यांनी टिकली कोरड्या हवेनं आणि कसल्या तरी औषधानं जपून साफ केली, पेटी पिंपाशी ठेवली, आणि डाग गेला. आम्ही म्हटलं, झालं. बाई म्हणाल्या, नाही झालं. "डाग हळद गेली म्हणून गेला, की टिकली लहरी आहे म्हणून गेला? हळद परत ठेवल्यावर डाग परत यायला हवा. आला तर टिकली खरी, ती अश्विनीची. नाही आला तर माझ्याबरोबर मुंबईला."

आता हळद टिकलीवर लावायची नाही. चपात्या गुंडाळतात तसला चंदेरी कागद घ्यायचा, त्याच्यात हायड्रोजन नसतो. त्यावर माझा भंडाऱ्याचा अंगठा उठवायचा आणि तो कागद टिकलीसमोर ठेवायचा. बाई मला म्हणाल्या, "आजोबा, तेव्हा लावला होता अगदी तसाच लावा." विचार करा. मुंबईच्या शास्त्रज्ञ बाई माझा अंगठा मागत होत्या. मी पटका सारखा केला.

अश्विनीनं माझ्यापुढं कागद ठेवला, पिशवी दिली, झाकणाची एक डबी दिली. "अंगठा उठवा, कागद डबीत ठेवा, झाकण लावा. आमी आत पेटीची तयारी करतो." टिकली आता चालूच ठेवली होती, तिला उजेड चालत नव्हता, म्हणून पेटी अंधारातच उघडायची होती, डबीतला कागद अंधारातच हातानं चाचपून बसवायचा होता. ती आत गेली.

मी अंगठा उठवला. झकास उठला. पण भंडारा जरा जास्त झाला होता, कागदभर सांडला होता. मी त्या कागदाकडं बघितलं. माझ्या मनात आलं, एवढ्या मोठ्या बाई. एकदा आपण त्यांची वस्तू घाण केली, त्यांनी पोटात घातलं. सफाईसाठी हे लोक जीव टाकतात, ते आपण डोळ्यानं बघितलं. आणि आता परत असा माखलेला कागद त्यांच्या हातात द्यायचा? काय म्हणतील, म्हातारा शिकला नाही तो नाहीच.

म्हणून मी पटक्याच्या टोकानं कागद स्वच्छ पुसला. आरशासारखा लख्ख केला. फुंकर घातली. डबीत ठेवला, झाकण लावलं.

माझी समजूत अशी होती बघा, की अंगठा एकदा उठला म्हणजे उठला. पुसलं तरी लावल्याचं पुण्य जातंय का? देवाच्या मूर्तीची हळद रोज धुतात, म्हणून देव कालची पूजा विसरतो का?

दुसऱ्या दिवशी चित्र आलं. मोकळ्या रानात काही नाही. कोरं.

बाईंनी दोनदा बघितलं, सरांनी तीनदा. मग बाईंनी अश्विनीच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या हातावरनंच मला कळलं की टिकली चालली. "हळद एकदा दिसते, एकदा समोर असून दिसत नाही. काय म्हणायचं हिला?" अश्विनी पेटीचे स्क्रू सोडायला लागली. तिचे हात हळू हळू चालत होते. सर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

मला लय वाईट वाटत होतं. पण निदान आपल्या हातनं या खेपेला तरी काम नीट झालं एवढं समाधान होतं. म्हणून बाईंना म्हटलं,

"टिकली कशीबी वागंना, बाई. माझा कागद तरी चांगला हुता ना? एक डाग ठिवला न्हवता बघा. चांगला घासून पुसून दिलता."

अश्विनीचा स्क्रू खाली पडला. घरंगळत कपाटाखाली गेला. कुणी उचलला नाही.

"पुसून?" सर म्हणाले. खिडकीकडंच तोंड करून म्हणाले.

"व्हय. पटक्यानं. हे बघा टोक." टोक अजून पिवळं होतं.

बाई खाली बसल्या. मला वाटलं, आता मात्र संपलं, आता या रागावणार. तर त्या अश्विनीला म्हणाल्या, "अगं, म्हणजे टिकली खरंच बोलत होती. कागदावर काही नव्हतं, तिनं काही नाही म्हणून सांगितलं. खोटं बोलत होतो ते आपण." आणि माझ्याकडं वळून, "आजोबा, एक अंगठा अजून द्याल का? फक्त पुसू नका."

या खेपेला तिघंही माझ्याभोवती उभी राहिली. नवरदेवाला बाशिंग बांधताना उभी राहतात तशी. अंगठा उठला तसा अश्विनीनं कागद चिमट्यानं उचलला, आणि मी पटक्याकडं हात नेला तर तिनं नुसतं "आबा" म्हटलं. मी हात खाली घेतला.

पेटी पिंपाशी गेली. आता दिवसभर वाट बघायची. तेवढ्यात लिमये सर बाहेर जाऊन आले, हातात एक नारळ, चांगला शेंडीचा. माझ्यापुढं वाकले, माझ्या दोन्ही हातांत तो नारळ दिला, मला हाताला धरून बाकावर बसवलं आणि म्हणाले, "आजोबा, चित्र येईपर्यंत हा असाच दोन्ही हातांनी धरून बसा. खाली ठेवू नका."

माझे डोळे भरून आले हो. ऑपरेशन झालेला डोळासुद्धा. एवढे घोळ घालून शेवटी नारळ देऊन माझा मान करतात, काय ही माणसं. मी ताठ बसलो. चहा आला, तो अश्विनीनं मला बशीनं पाजला, कारण नारळ खाली ठेवायचा नव्हता. नाकावर माशी बसली, तिला बसू दिलं. येणारी-जाणारी पोरं बघत होती, मी मान हलवून त्यांचा नमस्कार घेत होतो.

संध्याकाळी चित्र आलं. मोकळ्या रानात लांबुळका अंगठा, वळणावळणाच्या रेघा, आणि मधनं वणाची तिरपी कोरी वाट. बाईंनी अश्विनीला जवळ घेतलं. टिकली सांगलीतच राहिली, अजून आहे. बाई म्हणाल्या, टिकली किती बारीक बघते ते दाखवायला हे चित्र मी सगळीकडे नेणार. जाताना माझ्या पाया पडल्या. कोण मी? त्या पोरीच्या कामाला दोनदा खड्ड्यात घालणारा माणूस, आणि माझ्या पाया पडल्या.

डोळा बरा होऊन गावी आलो. पहिल्यांदा तो नारळ देव्हाऱ्यात ठेवला, आणि जो येईल त्याला सांगायला लागलो की कॉलेजच्या सरांनी माझा नारळ देऊन मान केला. सरपंचाला सांगितलं, मास्तरांना सांगितलं, कंडक्टरला एस्टी थांबवून सांगितलं. अश्विनी दिवाळीला आली, तेव्हा तिच्यासमोर सोयऱ्यांना सांगत होतो. ती ऐकत राहिली. सोयरे गेल्यावर जवळ येऊन बसली.

"आबा, रागावणार न्हाई ना?"

"तुझ्यावर? बोल की."

"सरांनी नारळ मानाचा दिला न्हवता. चित्र येईस्तोवर तुमचं दोन्ही हात गुतून ऱ्हावंत म्हणून दिलता."

मी देव्हाऱ्यातल्या नारळाकडं बघितलं. मग आठवून बघितलं, पहिल्यापासनं. आणि तुम्हाला सांगतो, सर बरोबर होते. त्या पेटीचं सगळं कामकाज जेवढं म्हणून नीट चाललं, ते माझ्या दोन्ही हातांत नारळ होता तेवढा वेळच.